वापरलेले गोल्फ बॉल, अपडेट ४: टप्प्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून

मागच्या अपडेटमध्ये टप्पा, म्हणजे फरशीवर टाकलेला बॉल किती उसळतो ते, मोजून वापरलेल्या गोल्फ बॉलच्या लॉटचे तीन भाग केले होते: खेळायचे, राखीव आणि जाळीत मारायचे. ती विभागणी रद्द समजा. त्या पद्धतीने कुणी आपले बॉल निवडले असतील तर टोपल्या पुन्हा एकत्र करा.

घोळ वाळवण्यात झाला. धुतलेले निम्मे बॉल गच्चीवर उन्हात होते, निम्मे आत पंख्याखाली, आणि टप्पा सगळ्यांचा त्याच दुपारी मोजला. बॉलचा गाभा पॉलिब्युटाडाइन रबराचा असतो. तापला की जास्त उसळतो, गार असला की मंद पडतो. म्हणजे निवड चांगल्या बॉलची झालीच नाही, उन्हातल्या बॉलची झाली. १७ नंबर लिहिलेला बॉल दुपारी 'खेळायचे'मध्ये होता, दुसऱ्या दिवशी सकाळी थेट 'राखीव'मध्ये उतरला. तेव्हा हे लक्षात आलं.

रबर उष्णता फार सावकाश सोडतं. कव्हर हाताला गार लागलं तरी गाभा आत गरम असतो, त्यामुळे तासभर सावलीत ठेवून भागत नाही. सगळा लॉट एकाच खोलीत एक थर करून २४ तास ठेवायचा आणि मगच मोजायचा. गोल्फची नियामक संस्था बॉलचा आकार तपासताना २३ अंश सेल्सिअस धरते, त्यात जेमतेम एका अंशाची सूट. आपल्याकडे एप्रिलात २३ मिळणार नाही, पण सगळ्यांना सारखं तापमान मिळालं तरी पुरतं, कारण आपल्याला तुलनाच करायची आहे.

दुसरा दोष फरशीचा. बॉल टाकत होतो त्या कडप्प्याखाली पोकळी होती. बोटाने ठोकलं की एका कोपऱ्यात 'टण' आणि दुसऱ्यात 'ढब'. ढब वाजतो तिथे टप्प्याची ताकद फरशीच खाते. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्री पट्ट्यात वजनावर मिळणारी बिडाची (ओतीव लोखंडाची) जाड प्लेट, एक बाजू मशीन केलेली, ओल्या वाळूत दाबून बसवली की हा प्रश्न मिटतो. प्लेट हलता कामा नये. चारही कोपऱ्यांवर पाय देऊन बघायचं.

आता मुख्य गोष्ट. आधी भिंतीवर पट्टी लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उंची वाचत होतो. बॉल थोडा तिरका गेला की वाचन चुकायचं आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी अंदाज करावा लागायचा. उंची सोडून द्या, आवाज पकडा. मोबाइलवर साधं रेकॉर्डिंग करायचं, फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. प्रत्येक टप्प्याचा उभा काटा स्वच्छ दिसतो. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधला वेळ, मग दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला वेळ घ्यायचा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की उसळीचा गुणांक हातात. समजा ०.७६० सेकंद आणि ०.६३८ सेकंद आले, तर गुणांक ०.८३९.

भागाकार असल्यामुळे बॉल ९८ सेंटिमीटरवरून सुटला की १०१ वरून, याने जवळजवळ फरक पडत नाही. तरी उंची साधारण एक मीटरच ठेवा, कारण आदळण्याचा वेग बदलला की गुणांकही थोडा सरकतो. बॉल दोन बोटांत धरून सोडायचा, फिरकी लागता कामा नये. प्रत्येकी पाच वेळा टाकायचा, सर्वात मोठं आणि सर्वात लहान वाचन गाळून उरलेल्या तिघांची सरासरी घ्यायची. एकाच मॉडेलच्या इतर बॉलपेक्षा ०.०१ हून जास्त खाली असेल तो जाळीत. बहुतेक वेळा तो तळ्यात फार दिवस पडलेला निघतो.

तुलना फक्त एकाच मॉडेलमध्ये करायची. युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या कव्हरचा तीन थरांचा बॉल आणि सर्लिन या कडक प्लास्टिकच्या कव्हरचा दोन थरांचा बॉल एका रांगेत लावणं चूक आहे. शिवाय एक मीटरवरून पडलेला बॉल सेकंदाला ४.४ मीटर वेगाने आदळतो, ड्रायव्हरचा (सर्वात लांब मारायच्या काठीचा) फटका त्याच्या आठ-नऊ पट वेगाचा. ही चाचणी खराब बॉल बाहेर काढते, लांब जाणारा शोधून देत नाही.

म्हणूनच 'ब्रँडेड मिक्स' लॉट घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. पन्नास बॉलमध्ये वीस मॉडेल आली तर तुलना कशाशी करणार? एकाच मॉडेलचे दोन डझन थोडे महाग पडले तरी परवडतात. 'ए ग्रेड'ला सर्वमान्य व्याख्या नाही, एका विक्रेत्याचा ए तो दुसऱ्याचा बी. विचारायचा प्रश्न एकच: फक्त धुतलेले आहेत की पुन्हा रंगवलेले? रंगवलेला बॉल टॉर्च आडवा धरून ओळखता येतो. डिंपलच्या (बॉलवरच्या खळग्यांच्या) कडा बोथट होतात, तळाशी रंग साचतो आणि छापील अक्षरं जास्तच ताजी दिसतात. वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर गेलं तर नियमाची कमाल मर्यादा ओलांडली. कारण बहुधा रंग किंवा आत मुरलेलं पाणी. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा यासाठी पुरतो.

बॉल एका बाजूला जड आहे का, हे तरंगवून बघायची मिठाच्या पाण्याची चाचणी मात्र या वेळी पहिल्या फटक्यात जमली. अंडं तरंगलं म्हणजे पाणी तयार, हे विसरा. ताजं अंडं बॉलपेक्षा बरंच हलकं, ते फार लवकर तरंगतं. ४२.६७ मिलिमीटर व्यासाच्या पूर्ण वजनाच्या बॉलची घनता १.१३ भरते (साध्या पाण्याची १). चार लिटर पाण्यात एक किलो खडे मीठ पूर्ण विरघळवलं की पाणी १.१५ च्या जवळ जातं. मोजायला बॅटरीवाल्याकडचं हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) वापरा, त्याची पट्टी साधारण १.१०० पासूनच सुरू होते. पाणी फडक्यातून गाळून भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकायचे. बॉलची पाचच्या नाण्याएवढी टोपी वर दिसते. गिरकी द्या, थांबला की माथ्यावर पेनाने ठिपका. तीनदा तोच ठिपका वर आला तर बॉल एका बाजूला जड. ठिपका दर वेळी वेगळीकडे पडला तर तो पटिंगला, म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांना, ठेवा.

जाता जाता: खेळाआधी बॉल मुद्दाम तापवणं गोल्फच्या नियम ४.२ प्रमाणे चालत नाही, धुणं चालतं.

बॉलचा व्यास तपासायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ४२.६७ मिलिमीटरची रिंग करून घ्यायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, रिंग नंतर. आधी बिडाच्या प्लेटखाली वाळूऐवजी सिमेंट भरून वाळूवर टाकलेलेच दहा बॉल पुन्हा टाकायचे. वाळूवरचे आणि सिमेंटवरचे आकडे जुळले, तरच ०.०१ ची रेघ कायम ठेवायची.