सागवानी माडीची जमीन: किती घासावी आणि कुठे थांबावे

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. ती टाइल्सने झाकून टाकावी, असा सल्ला बडोद्यात भेटेल तो देत होता. परंतु टाइल्सखालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वजन जुन्या तुळयांवर लादण्याची आमची तयारी नव्हती आणि लाकूडही निरोगी होते, म्हणून ती घासून नव्याने पॉलिश करावी असे ठरले.

अशा कामात मशीन कोणते आणावे यापेक्षा लाकूड किती शिल्लक आहे, हे आधी पाहावे. जिन्याच्या तोंडाशी फळीची कड उघडी असते. तिथे जाडी मोजता येते. नर-मादी सांध्याच्या, म्हणजे एकीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या, फळ्यांत जिभेच्या वरचा थरच घासण्याजोगा असतो, आणि पूर्ण घासाईत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. मिस्त्रींना रंधा मारून सगळे सपाट करायची घाई असते, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने उंबरठ्याशी पडलेला खोलगटपणा काढायचा म्हणजे बाकीची सगळी जमीन त्या पातळीपर्यंत उतरवायची. तो राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उघडे खिळे आधी पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली ठोकावेत. नाहीतर मशीनवरचा घासकागदाचा पट्टा फाटतो आणि मशीनच्या पिशवीतल्या भुशावर ठिणगी पडण्याचा धोका असतो. जुने पॉलिश फारसे जाड नसेल तर ६० नंबरच्या घासकागदाने (नंबर लहान तितका कागद भरड) सुरुवात करावी, मग ८० आणि शेवटी १००, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मधला नंबर गाळला की भरड कागदाचे ओरखडे तसेच राहतात आणि नेमके पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. फार गुळगुळीत करण्याच्या मोहात मात्र पडू नये, कारण मग लेपाला धरायला जागा उरत नाही. सागाचा भुसा त्वचेला आणि घशाला झोंबतो, शिवाय लाकडाची धूळ कर्करोगकारक मानली जाते. तेव्हा चांगला मास्क हवाच. माडीचा भुसा फटींतून खालच्या खोलीत गळतो, म्हणून खालचे सामान झाकणे हेही याच कामात धरावे.

फटींचा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फळ्या आकसून फटी रुंदावतात आणि पावसाळ्यात फळ्या फुगतात. एप्रिलमध्ये फट लांबीने (पुट्टीने) गच्च भरली तर ऑगस्टमध्ये ती लांबी चेपून वर येते. त्यामुळे दिवाळीनंतरच्या कोरड्या, पण फार न तापलेल्या दिवसांत काम काढावे, रुंद फटींत सागाच्याच बारीक पट्ट्या एका बाजूला चिकटवून बसवाव्यात आणि बारीक फटींना हात लावू नये.

लेपाबाबत घरात मतभेद झाले. जवळच्या संखेड्याच्या लाखकामाचा अभिमान इकडे सगळ्यांनाच आहे, त्यामुळे चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, आग्रह होता. चपड्याचा रंग ऊबदार दिसतो आणि नवा हात जुन्यात विरघळून मिसळत असल्याने दुरुस्तीही सोपी असते, पण पाणी साचले की पांढरा डाग पडतो. म्हणून निजायच्या खोलीत चपडा आणि बैठकीत मॅट पॉलियुरेथेन (कमी चकाकीचे कृत्रिम वार्निश), अशी वाटणी केली. सागात नैसर्गिक तेल असते आणि त्यामुळे पॉलियुरेथेन नीट धरत नाही किंवा उशिरा वाळते. यावर उपाय म्हणजे लेपाच्या थोडेच आधी अॅसिटोनने जमीन पुसावी आणि ते उडून गेल्यावर लगेच पहिला हात द्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या वेळी घरात निरांजनसुद्धा लावू नये.

बैठकीत झोपाळा असेल तर त्याखाली पाय घासून लेप सर्वांत आधी झिजतो. तिथली चकाकी बदललेली दिसताच, लाकूड उघडे पडण्यापूर्वी, २२० नंबरच्या कागदाने हलके घासून फळ्यांच्या पूर्ण लांबीवर एक नवा हात द्यावा. एवढे वेळेवर केले, तर लाकडापर्यंत पुन्हा घासण्याची वेळ बरीच वर्षे लांबते.