मुकुट धुळीत
आज पहाटे बायबलमधलं स्तोत्र ८९ मोठ्याने वाचत होते. ३७व्या ओवीपर्यंत आवाज खणखणीत होता. देवाचं वचन आहे, इस्राएलचा राजा दावीद याचं सिंहासन सूर्यासारखं टिकेल, चंद्रासारखं कायम राहील. पुढच्या ओवीला मात्र गळा दाटला. 'पण तू तर...' अशी देवाकडे तक्रार सुरू होते आणि मुकुट धुळीत पडतो.

बायबलच्याच २ शमुवेल या पुस्तकात, ७व्या अध्यायात, दावीद देवासाठी घर बांधायला निघतो, तर देव म्हणतो, मीच तुझं घराणं उभारीन. घर आणि घराणं! आपल्या मराठीत हे किती सहज उमटतं. पण इ.स.पू. ५८६ च्या सुमारास दावीदाच्या घराण्याची राजधानी यरुशलेम पडली, गादी गेली. त्याच घराण्यातला राजा यहोयाखीन त्याआधीच बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होता. कैदेच्या ३७व्या वर्षी त्याचे कैदेचे कपडे उतरवले गेले, एवढंच.

मग कित्येक शतकांनी, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, देवदूत येशूच्या आईला, मरीयेला, सांगतो की तुझ्या मुलाला दावीदाचं सिंहासन मिळेल, त्याच्या राज्याला अंत नसेल. राजवाडा नाही, सैन्य नाही. त्या मुलाला मुकुट मिळाला तोही काट्यांचा. माझा त्याच राजावर विश्वास आहे.

दिवसभर कामात होते, पण ती ३८वी ओवी मनातून हलली नाही. आता रात्री पुन्हा तेच पान उघडलंय.