लिनक्सवरची पहिली पत्रिका आणि पाकळीचा ल

दिवाळी झाली आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलं की पत्रिका छापणाऱ्यांना जेवायला सुद्धा फुरसत नसते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या प्रेसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. मालक म्हणजे तात्या, टायपिंगला एक ताई आणि स्क्रीन प्रिंटिंगला दोन पोरं, एवढाच कारभार. मशिनं दोन, दोन्ही इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची, आणि विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, म्हणजे तो रस्ता बंद, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेटही थांबले. तात्या म्हणाले, "चांगली चालत्यात की रं मशिनं, भंगारात कशाला घालायची?" मलाही तसंच वाटत होतं. म्हणून एका मशिनवर रात्री लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, टाकलं आणि सकाळी ताईंच्या पुढ्यात ठेवलं.

सोप्या गोष्टी लगेच झाल्या. व्हॉट्सॲप ब्राउझरमधे चालू झालं, लेझर प्रिंटर केबल लावल्या लावल्या ओळखला, फोटो एडिटिंगचं जिंप ३ फ्लॅटपॅकवरनं (लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायची एक सोय) घेतलं आणि एका गिऱ्हाईकाची पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाईल, लेयरसकट उघडली, फक्त टेक्स्टचा लेयर चित्र होऊन येतो त्यामुळं तेवढी ओळ परत टाईप करावी लागते.

ताईंची काळजी वेगळीच होती. "माझा कीबोर्ड मिळंल का पण?" टाईपरायटरवर शिकलेला हात, रेमिंग्टन लेआउट, बोटं आपोआप पडतात. ते गेलं तर ताईंचं अर्धं काम गेलं. लिनक्सवर मराठी टाईप करायला आयबस आणि एम१७एन टाकलं, त्यात मराठी रेमिंग्टन आहे, ते निवडलं. दोन-तीन जोडाक्षरांच्या जागा जरा वेगळ्या निघाल्या, पण अर्ध्या तासात ताई न बघता टाईप करायला लागल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

खरी अडचण जुन्या फाईलींची. २००८ पासूनच्या पत्रिका, सगळ्या कोरलड्रॉ ह्या डिझाईनच्या प्रोग्रॅममधल्या. लिनक्सवरचं डिझाईनचं इंकस्केप कोरलड्रॉची सीडीआर फाईल उघडतं, गणपती, कमानी, वेलबुट्टीच्या बॉर्डरी जशाच्या तशा आल्या, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. कारण त्या काळातले मराठी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड) नव्हते, इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर मराठी चिन्ह बसवलेलं असायचं, फॉन्ट नसला की खुर्ची तेवढी दिसते. फॉन्टच्या फाईली आणून टाकल्यावर मजकूर वाचता आला, पण त्यात नवीन टाईप करायचं तर ते जुनं डोंगलवालं, म्हणजे कॉम्प्युटरला लायसन्सची किल्ली लावल्याशिवाय न चालणारं, सॉफ्टवेअर पाहिजे. वाईनमधे (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम उघडला सुद्धा, पण डोंगल काही दिसेना, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमधे, म्हणजे गाभ्यात, बसणारा असतो आणि वाईन काही तो ड्रायव्हर बसवू शकत नाही. २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी निघालं होतं, ते पुढं चालू राहिलं असतं तर आज किती प्रेसवाल्यांचे हाल वाचले असते असं मला खरंच वाटतं.

मग ठरवलं, बॉर्डर तेवढी इंकस्केपमधनं एसव्हीजी (चित्राची फाईल) करून घ्यायची आणि मजकूर लिब्रेऑफिस ड्रॉमधे युनिकोडमधे नव्यानं टाकायचा, नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घेऊन. दुपारी चारला प्रूफ द्यायचं होतं, साडेतीनला प्रिंट काढली.

गिऱ्हाईक म्हणजे एक रिटायर गुरुजी, मुलीचं लग्न. त्यांनी चष्मा लावला, खिशातनं लाल पेन काढलं आणि बोलायच्या आधी एकेका अक्षराला गोल करायला लागले. 'शुभविवाह' मधल्या 'श' ला, 'मंगल कार्यालय' मधल्या दोन्ही 'ल' ना. सगळ्या प्रूफवर लाल गोल. "आयुष्यभर पोरांना पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवायला लावलाय मी. माझ्याच पोरीच्या पत्रिकेवर हे हिंदी वळणाचं नको."

गुरुजींचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ताईंचा चेहरा उतरला. मला वाटलं फॉन्टच तसला आहे, बदलून बघितला, दुसरा आवडेना, परत नोटो. एकदम खालच्या पट्टीकडं लक्ष गेलं तर भाषा हिंदी लिहिलेली! सगळा मजकूर सिलेक्ट केला, फॉरमॅटमधे कॅरेक्टर, तिथं भाषा मराठी केली आणि ओके दाबलं तसं स्क्रीनवर डोळ्यासमोर सगळे ल आणि श वळले. फॉन्टमधे मराठी वळणाची अक्षरं आधीपासनं बनवून ठेवलेली असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमनं फॉन्टला सांगावं लागतं. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समधे भारतीय लिप्यांसाठीची भाषा हिंदी होती, ती कायमची मराठी करून टाकली. कुणीतरी बसून आपल्या ल ची पाकळी वेगळी काढून ठेवली, त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला मी.

दुसरं प्रूफ गुरुजींनी बोट ठेवून ओळीनं वाचलं, एक पत्ता दुरुस्त केला आणि खाली सही केली. "आता कसं आपलं वाटतंय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या मशिनवर विंडोज तसंच ठेवलंय, डोंगल त्यालाच, पण इंटरनेटची वायर काढून टाकली. जुनं काम परत छापायला आलं की तेवढी फाईल ताई युनिकोडमधे करून घेणार, एका दमात सगळं करत बसायचं नाही. माझं मत विचाराल तर छोट्या प्रेसनं असंच करावं.

रात्री नऊला ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावरची प्रिंट, निघालं. तात्यांनी ते ट्यूबलाईटसमोर धरलं, 'मंगल कार्यालय' वर जरा वेळ नजर ठेवली आणि पोराला हाक मारली, "घे रं, स्क्रीन एक्स्पोजला लाव."