कुत्र्याने चार दिवस सू केली नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी भाची आली होती. दहावीचा निकाल लागल्यापासून तिचा मुक्काम आमच्याकडेच जास्त, कारण आमच्या कूलरला यंदा नवीन खसच्या ताट्या लागल्यात आणि तिच्या घरचा कूलर हवेपेक्षा आवाज जास्त टाकतो. बाहेर ४४, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे पडदे ओढलेले. म्हटलं चल आज तुझ्या पसंतीचा पिक्चर पाहू. तर तिने लावला एक रोड ट्रिपवाला इंग्रजी पिक्चर. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी आत तेच निघणार आहे.

सतरा वर्षांची तीन पोरं, दोन मुली एक मुलगा. एकीची आई वारलेली, तिची इच्छा होती की राख समुद्रात सोडावी, म्हणून हे तिघं आणि एक कुत्रा आजोबांची जुनी लांबलचक गाडी काढून शिकागोहून सांता मोनिकाला निघतात, अमेरिकेतल्या जुन्या रूट ६६ या हायवेने. मला आधी खरंच बरं वाटलं होतं हो, रस्त्याचे पिक्चर मला आवडतात. खिडकीतून पळणारी शेतं, अनोळखी गावांच्या पाट्या, धाब्यावरचा कोमट चहा, एवढं दाखवलं तरी माझे पैसे वसूल. पण याच्यात रस्ता नुसता मागे पडदा लावल्यासारखा आहे, पुढे तिघंजण केस उडवत गाणी म्हणतायत.

वीस मिनिटांत मला सगळं कळलं. भाचीला म्हटलं लाव पैज, दहा दहा रुपयांची. लाइट बिलाच्या पाठीमागे लिहिलं: गाडी बंद पडेल, गावाबाहेर एक म्हातारा मेकॅनिक भेटेल आणि तो पैसे न घेता आयुष्यावर दोन वाक्यं बोलेल, पावसात भांडण होईल, भांडणानंतर एक मुलगी एकटी चालत जाईल आणि दुसऱ्याच सीनला सापडेल, आणि कुत्रा हरवेल. पाचातले चार बरोबर आले. कुत्रा तेवढा हरवला नाही. उलट तो चार दिवस मागच्या सीटवर बसून होता आणि एकदाही सू करायला उतरला नाही, मी लक्ष ठेवून होते.

"मावशी, पाहू दे ना, काहून बोलून राहिली मधेमधे," भाची वैतागली.

पण राहवेना. फोन काढून अंतर पाहिलं तर जुना रूट ६६ साधारण ३,९०० किलोमीटर. आपल्या नागपूरच्या वर्धा रोडवरून जो ४४ नंबरचा हायवे जातो ना, तो श्रीनगर ते कन्याकुमारी अख्खा ३,७०० च्या आसपास आहे. म्हणजे श्रीनगरहून निघायचं, नागपूर ओलांडायचं आणि कन्याकुमारीला समुद्रात पाय बुडवायचे, त्याच्याहूनही थोडं जास्त, आणि तेही चार दिवसांत, एकच मुलगा चालवणार, आणि त्याच्या डोळ्याखाली काळं नाही की शर्टाला सुरकुती नाही. पैसे कुठले तर काचेच्या बरणीतली चिल्लर. त्या खटाऱ्याने दहाचं अ‍ॅव्हरेज दिलं तरी ३९० लिटर पेट्रोल झालं, आपल्याकडच्या शंभर रुपये भावाने धरा, ३९ हजार. कोणती चिल्लर होती बाप्पा ती. शिवाय १९८५ मध्येच तो रस्ता हायवेच्या यादीतून काढलाय, मधेमधे तुटलाय, पण यांना कुठेच रस्ता विचारावा लागत नाही, मागे वळून यावं लागत नाही.

लायसन्सचं मी काही म्हणत नाही, तिकडे बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी मिळतं. आपल्यासारखं अठरापर्यंत थांबावं लागत नाही. पण रात्री मोटेलवाला त्या तिघांना एका शब्दाने न विचारता किल्ली देतो, तेव्हा मी रिमोट उचलला होता. तिकडेही बऱ्याच ठिकाणी अठराच्या खाली रूम देत नाहीत.

आणि घरचे कुठे आहेत? पूर्ण पिक्चरमध्ये एका बापाचा एक फोन येतो, तोही शेवटी, माफी मागायला.

खरं सांगायचं तर मला राग पिक्चरचा कमी आणि त्या कोल्ड्रिंकच्या ग्लासांचा जास्त आला. पाव बादली एवढाले ग्लास, आणि दोघी पोरी दिवसभर स्ट्रॉने पिऊन राहिल्या. २००७ ला बारावीनंतर आम्ही पाच मैत्रिणी चिखलदऱ्याला गेलो होतो. एकीचा दादा सोबत असला तरच, या अटीवर. गणेशपेठच्या स्टँडवरून सकाळची एसटी. आमच्यापैकी एकीनेही आदल्या रात्रीपासून धड पाणी प्यायलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं हं, प्रत्येकीला आपापल्या आईने हळूच सांगितलं होतं की वाटेत सोय असेल नसेल. अमरावतीला दादाने बसमध्ये रसवंतीचा रस आणून दिला तर पाचहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि तो सगळे ग्लास एकट्यानेच प्यायला. परतवाड्याच्या पुढे घाट लागल्यावर ते त्याला फार महागात पडलं, खिडकीजवळची सीट त्याला द्यावी लागली. आमचं रक्षण करायला आलेला माणूस आणि आम्ही त्याची पाठ चोळतोय.

बाबा स्टँडवर सोडायला आले होते. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "पोरींकडे लक्ष ठेवजा भाऊ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंडक्टरने मान हलवली, मला वाटलं झालं, विषय संपला. पण तळेगावला गाडी थांबून परत निघताना तो आमच्या सीटपाशी आला आणि हातातल्या तिकिटाच्या चिमट्याने हवेत एकेकीकडे दाखवत मोजायला लागला, टक, टक, टक, टक, टक, मग दादाकडे पाहून सहावा टक, आणि डबल बेल मारली. अमरावतीला उतरेपर्यंत प्रत्येक स्टॉपवर हे. चिमट्याचा तो आवाज मला अजून आठवतो, तिकिटाशिवाय नुसताच, लोखंड लोखंडावर.

परतवाड्याहून प्रत्येकीने एसटीडी बूथवरून घरी फोन केला. रांगेत. बूथवाला मीटरकडे बोट दाखवायचा आणि आम्ही घाईघाईत तेच वाक्य म्हणायचो, पोचलो, हो खाल्लं, हो दादा आहे. भूक मरून गेली होती, काही खाल्लं नव्हतं.

आणि चिखलदऱ्याला काय दिसलं? काही नाही. जुलै होता. देवी पॉइंटला उभे राहिलो तर समोर पांढरं धुकं, दरी आहे हे फक्त कठड्यामुळे कळत होतं. तास दीड तास थांबलो, भाजलेलं कणीस खाल्लं, पुन्हा थांबलो. एकदा दोन सेकंद खाली हिरवं काहीतरी दिसलं आणि आम्ही ओरडलो, तोवर बंद. पिक्चरमध्ये हे तिघं समुद्रावर पोचतात त्याच मिनिटाला सूर्य बुडायला तयार उभा असतो. राख सोडतात तर वाराही बरोबर समुद्राकडेच. नदीवर राख सोडताना अर्धी आपल्याच कपड्यांवर येते हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, पिक्चर संपल्यावर, कूलरमध्ये पाणी भरता भरता. ती पाइप धरून उभी होती. म्हणाली, "पण मावशी, याच्यात स्टोरी काय आहे? कोणाचं काही झालंच नाही." बरोबर आहे तिचं. भांडण झालं नाही, प्रेम झालं नाही, दादाचं पोट तेवढं बिघडलं. आणि तिला पिक्चर आवडला, हेही लिहून ठेवते. शेवटी रडली पण थोडी. चाळीस रुपये मात्र मी घेतले नाहीत, कुत्र्याचे दहा तिला देऊन टाकले.

संध्याकाळी ताई तिला न्यायला आली. आत्ता झोपायच्या आधी फोन पाहिला तर भाचीचा मेसेज, दहा वाजताचा. परत येताना पण त्या कंडक्टरने मोजलं होतं का?

लिहिलं तिला, परत येताना दुसरा होता.