सात सुताचा बोल्ट

वजनकाट्यावर ते सहा टन दोनशे भरलं. मी सगळ्यांना "जेसीबी घेतला" म्हणून सांगत सुटलो होतो, पण भंगारवाल्याने पावतीवर "जुने लोखंड" एवढंच लिहिलं होतं आणि भावही किलोनेच लावला होता. बायकोने पावती वाचली, घडी घालून परत दिली आणि काहीही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आपल्याकडे मागे-पुढे बकेट असलेलं कुठलंही मशीन जेसीबीच असतं, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. हे मात्र खरोखरचं जेसीबी, थ्री-सी मॉडेल. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाने १९४५ साली इंग्लंडात एका गॅरेजात ट्रेलर बनवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये त्याचं मागे-पुढे बकेटवालं पहिलं मशीन, म्हणजे बॅकहो लोडर, आलं आणि १९६३ मध्ये थ्री-सी. त्याच्या नावाची तीन अक्षरं एक दिवस मराठीतलं सामान्यनाम होतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आपल्याकडे हरियाणात, बल्लभगडला, कारखाना निघाला तो १९७९ साली. माझं मशीन त्याच्या आगेमागेच बाहेरून आलेलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटचं. इंजिन पर्किन्स ४.२३६, म्हणजे चार सिलिंडर आणि २३६ घन इंच.

माझं नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. तिथे हे धूड उभं करायला जागा नव्हती, म्हणून ट्रेलरवर घालून ते निफाडजवळ ताईच्या मळ्यात नेलं. कागदपत्रं काहीच नसल्यामुळे रस्त्यावर चालवायचा प्रश्नच नव्हता. द्राक्षबागेला लागून दाजींची पॅकिंग शेड आहे, तिच्या मागे लिंबाखाली ते उतरवलं. दाजी भोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्याला सलाइन लावायचं का डायरेक्ट दहावा घालायचा?"

पहिलं वर्ष हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर बकेट हलवणाऱ्या भागात गेलं. त्यावर फार लिहीत नाही, कारण ते काम नुसतं पैशाचं आणि घामाचं आहे, डोक्याचं कमी. पिना-बुश इतके झिजले होते की मागचं बकेट हाताने हलवलं तर वीतभर डुलायचं. ते सगळे माझ्याच लेथवर नवीन केले. सिलिंडरचे दांडे गंजून खवल्या पडलेले. दोन हार्ड क्रोम करून आणले, तिसरा नवाच केला. सील काही कुर्ल्याहून आणले, काही मापाने बनवून घेतले. होजचे पाइप तर मोजायचेच सोडून दिले. खरा छळ झाला तो पान्यांचा. सगळी मापं इंचात. माझ्याकडचा मिलिमीटरचा सेट कपाटात पडून राहिला आणि वडिलांच्या काळातले सुताचे पाने बाहेर निघाले. आठ सूत म्हणजे एक इंच, हे गणित मला शाळेनंतर पहिल्यांदा उपयोगी पडलं.

ऑक्टोबरमध्ये इंजिन पहिल्यांदा मारलं. डिझेल फिल्टर आणि पंपातली हवा काढली, किल्ली फिरवली आणि अर्ध्या चकरीत सुरू. पेढे वाटले. मी मनात म्हटलं, झालं काम. दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन रणरणत होतं, या गोष्टीकडे मी अजिबात लक्ष दिलं नाही.

निफाडची थंडी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. राज्यात पारा सगळ्यात खाली गेल्याची बातमी येते तेव्हा त्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं नाव बहुधा असतंच. पाच-सहा अंश इकडे नवलाचे नाहीत. रात्री बागांमधून शेकोट्या पेटवतात, नाहीतर मणी तडकतात. अशाच एका डिसेंबरच्या सकाळी दाजींना पाइपलाइनची चारी काढायची होती. सात वाजता मी ऐटीत सीटवर बसलो. स्टार्टर फिरला. फिरत राहिला. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, पण इंजिन काही धरेना. दहा मिनिटांनी बॅटरीही बसली. सहा टनांचं मशीन काही धक्का मारून सुरू होत नाही. ऊन चढल्यावर साडेअकराला ते आपोआप शहाण्यासारखं सुरू झालं. हेच पुढे आठवडाभर चाललं. दाजींनी चारी भाड्याच्या मशीनने काढून घेतली. मला काही बोलले नाहीत, फक्त बिल शेडच्या खिळ्याला अडकवलं.

आता पांढरा धूर म्हणजे काय? डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पण जळत नाही, तसंच बाहेर पडतंय. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. या इंजिनात हवा सोळापट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. पण ब्लॉक गार, आत येणारी हवा गार, त्यात स्टार्टर हळू फिरतोय म्हणजे दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात. पेटायला लागते तेवढी उष्णता शिल्लकच राहत नाही. काही इंजिनांत हेडमध्ये तापणारे ग्लो प्लग असतात. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. ह्यात तसला प्लग नसतो.

मी एकेक करून सगळ्यावर संशय घेतला. बॅटरी नवी आणली. तरी तेच. मग मीटर घेऊन बसलो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि पुतण्याला किल्ली मारायला सांगितली. मीटरने दीड व्होल्टच्या वर दाखवलं. म्हणजे तेवढा दाब नुसत्या अर्थिंगच्या पट्टीत मरत होता. पट्टी वरून धडधाकट, पण लग्जखाली हिरवा गंज. जाड केबल टाकली, रंग खरवडून उघड्या लोखंडावर बसवली, स्टार्टरचा आवाजच बदलला. इंजिनात कोणीतरी चाळीस नंबरचं घट्ट ऑइल भरलेलं होतं, ते काढून १५डब्ल्यू-४० भरलं. टॅपेटची फट थंड इंजिनवर ०.३० मिलिमीटरला लावली.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून आमच्या कॉलनीतल्या काकांकडे नेले. काका मायकोतून निवृत्त झालेले. कंपनीला बॉश म्हणायला लागून किती वर्षं झाली, पण नाशकात ती मायकोच आणि तिच्या नावाचा चौकही मायको सर्कलच. सातपूरच्या त्या कारखान्यात काकांनी आयुष्यभर नोझल पाहिलेले. त्यांच्याकडे हाताने दाबायचा टेस्टर आहे. चारपैकी दोन नोझल धुकं मारत होते, एक धार सोडत होता आणि एक नुसता रडत होता. "दोन बदल," ते म्हणाले, "पण ह्यानं तुझी सकाळ सुटेल असं नाही हं. थंडीचं काहीतरी वेगळं असतं प्रत्येक इंजिनात. ते शोध."

मी शोधलं नाही. स्टार्टिंग स्प्रे आणला. एअर क्लीनरच्या तोंडात फवारला की इंजिन खाडकन सुरू व्हायचं, पण आवाज असा यायचा की कोणी आतून घण घालतंय. नाशकातल्या द्वारका चौकाजवळचे एक म्हातारे मिस्त्री, ट्रकवर आयुष्य काढलेले, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांना एके दिवशी गाडीत घालून मळ्यात आणलं. त्यांनी स्प्रेचा डबा हातात घेतला, वाचला आणि शेडच्या मागे लांब फेकून दिला. मग फाटकी बनियन मागितली, तारेला गुंडाळली, डिझेलमध्ये बुडवून पेटवली आणि एअर क्लीनरची नळी काढून तो पेटता बोळा इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी धरला. "मार सेल." चार चकरा, आणि सुरू. चाचांनी बोळा मातीत विझवला. "हवा गरम पाहिजे बेटा. बाकी सगळं ठीक आहे हिचं."

पण रोज सकाळी बनियन पेटवायची का? शिवाय मॅनिफोल्डच्या तोंडाशी तो बोळा सुटून आत गेला तर काय, या विचाराने मला रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी चाचांनी जिथे बोळा धरला होता ती जागा बॅटरीच्या उजेडात पाहत होतो. मॅनिफोल्डच्या वरच्या अंगाला एक बोल्ट दिसला. सात सुताचा. तो काहीही धरत नव्हता. नुसता एका भोकाला बूच म्हणून बसवलेला, टेफ्लॉन टेप गुंडाळून. आणि वरून छान राखाडी रंग मारलेला. तो रंग मीच मारला होता, सप्टेंबरमध्ये, ब्रशने, दोन हात.

त्या भोकात असायला हवा होता थर्मोस्टार्ट. सीएव्ही कंपनीचा, पितळी, अंगठ्याएवढा. आत एक नळी, नळीवर तारेचं वेटोळं. किल्ली एका घरावर आणली की वेटोळं तापतं, नळी लांबते, लांबल्यामुळे आतली बारीक गोळी जागा सोडते आणि डिझेल पाझरायला लागतं. ते टोकाच्या लालबुंद तारेवर पडतं. मग स्टार्टर मारला की आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर मॅनिफोल्डमध्येच ज्योत भडकते आणि गरम हवा सिलिंडरमध्ये जाते. थंड झालं की नळी आखडते, गोळी बसते, डिझेल बंद. कोणीतरी तो काढून बूच मारलं होतं. डिझेलची बारीक नळी हातोडीने चेपून दुमडली होती आणि वायर कापून टेपने गुंडाळली होती. गोळी गळायला लागली असणार, आणि मशीन तेव्हा गरम मुलखात असल्यामुळे कोणाचं काही अडलं नसणार. चाचांना फोनवर सांगितलं तर ते हसत सुटले. "म्हणजे आपला बोळाच की रे! पितळेत बसवलेला."

वस्तू मिळायला त्रास झाला नाही. मॅसी ट्रॅक्टरवर तोच लागतो. ट्रॅक्टरच्या स्पेअरवाल्याने फडताळातून धूळ झटकून दिला. त्याच संध्याकाळी मी तो बसवला आणि जाळला. डिझेल पोचायच्या आधीच, नुसतं तापतंय का बघायला किल्ली चाळीस सेकंद दाबून धरली. कोरडा तापवला की वेटोळं जातं, कारण त्यातून जाणारं डिझेलच त्याला थंडावा देत असतं. मीटरवर सर्किट उघडं. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो तर दुकानदाराने न विचारताच दुसरा काढून ठेवला होता.

दुसऱ्या वेळी नीट केलं. डिझेलसाठी पितळेची छोटी डबी लेथवर बनवली, पाव लिटरची, आणि मॅनिफोल्डपेक्षा उंचावर बसवली म्हणजे डिझेल आपल्या वजनाने उतरेल. इंजेक्टरमधून परत येणारं जास्तीचं डिझेल त्या डबीतून टाकीकडे वळवलं, त्यामुळे इंजिन चाललं की डबी आपोआप भरलेली राहते. थर्मोस्टार्टकडचा जोड सैल करून डिझेल ओघळेपर्यंत हवा काढली आणि मगच वीज दिली. वीज दिली तरी तार लाल होईना. मोजलं तर टोकाला जेमतेम नऊ व्होल्ट. हा दिसायला बारीक, पण बारा अँपियरच्या आसपास ओढतो. मी त्याला हेडलाइटची पातळ वायर लावली होती. चार चौरस मिलिमीटरची वायर आणि एक रिले टाकल्यावर अकराच्या वर आले.

बसवायच्या आधी शेडबाहेर पक्क्या व्हाइसमध्ये धरून चाचणी घेतली, शेजारी वाळूची बादली ठेवून. दाजी कुतूहलाने वाकून बघत होते. दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग फुस्स, एक थेंब, आणि वीतभर ज्योत. दाजी मागच्या मागे कॅरेटवर बसले. "ताईला सांगू नका," एवढंच म्हणाले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे ताईने उठवलं. ओट्यावरचा थर्मामीटर सहा दाखवत होता. बागांमधल्या शेकोट्यांचा धूर पिकांवर कंबरेएवढा तरंगत होता. मी थ्रॉटल पूर्ण ओढला, किल्ली पहिल्या घरावर आणली आणि भाचा मोठ्याने मोजायला लागला. त्याला घाई फार, तेराच्या पुढे एकदम सतरा. मी त्याला परत तेरावर आणलं. वीस झाल्यावर किल्ली पुढच्या घरावर. इथे तापणंही चालू राहतं आणि स्टार्टरही फिरतो. मॅनिफोल्डमधून भुस्स असा आवाज आला, दोन सिलिंडरांनी धरलं, मग तिसऱ्याने, आणि पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट सोडून ते चालू लागलं. अर्ध्या मिनिटात धूर निवळला. ताई चहा घेऊन आली होती, तिने तो सीटवर आणून दिला. एवढ्या वर्षात तिने मला इतक्या मानाने चहा दिलेला नाही.

किल्लीशेजारी आता एक पत्रा लावलाय: "२० मोजा. न झाल्यास १० मोजून परत. स्प्रे मारू नये." शेवटचं वाक्य लाल रंगात आहे, कारण तार तापलेली असताना आत स्प्रे गेला तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होईल.

मशीनला आधार देणारा मागचा डावा पाय अजून रात्रीतून चार बोटं खाली बसतो. त्याचं सील तिसऱ्यांदा चुकीच्या मापाचं आलंय. परवा गावातून निवडून आलेल्या पॅनेलचा एक पोरगा मशीन मागायला आला, सत्काराला गुलाल उधळायचा म्हणून. मी म्हटलं, "अरे, पाय गळतोय तिचा अजून."

"पाय कशाला लागतोय मामा," तो म्हणाला. "पुढचं बकेट वर राहतं ना?"