जांभूळ, व्हिस्की आणि तीन शनिवार

बाबांची व्हिस्की म्हणजे शनिवारी रात्री दोन पेग, साधं पाणी आणि भाजलेले शेंगदाणे. माझ्या आठवणीत यात कधी बदल झालेला नाही. काही मिसळू का विचारलं की म्हणतात, "अगं, चांगल्या वस्तूची चव कशाला घालवायची?" पण जूनमध्ये बदलापूर स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणांत जांभळं दिसायला लागली की मला दरवर्षी वाटायचं, याचा तुरटपणा व्हिस्कीशी जमणार. लाकडी पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत लाकडाचा हलका तुरटपणा असतोच. यंदा ठरवलं, करूनच बघायचं.

पाया व्हिस्की सावर या कॉकटेलचा घेतला. व्हिस्की, लिंबू, साखर एवढंच त्याचं मूळ रूप, आणि ते जुनं आहे. १८६२ साली अमेरिकेत जेरी थॉमस या बारटेंडरने छापलेल्या कृतींमध्येही 'सावर' हा प्रकार सापडतो. तिकडे व्हिस्की सावर बहुतेक बर्बनमध्ये करतात. बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, मुख्यतः मक्याची, गोडसर. आपल्याकडची नेहमीची ४२.८ टक्क्यांची ब्लेंडेड व्हिस्की तेवढी गोड नसते, आणि आपलं कागदी लिंबू त्यांच्या पिवळ्या लिंबापेक्षा जिभेला जास्त झोंबतं. म्हणून छापील प्रमाण जसंच्या तसं उचलून चालत नाही. लिंबू कमी करावं लागतं.

पहिल्या शनिवारी मी घाई केली. जांभळं बियांसकट मिक्सरला लावली, गाळून घेऊ म्हटलं. बिया फुटल्या आणि सगळा कडूपणा रसात उतरला. गाळणीने चोथा अडतो, कडूपणा अडत नाही. शिवाय सगळं घुसळलं ते लोणच्याच्या बरणीत. बरणी स्वच्छ धुतली होती, पण झाकणाच्या रबरात मोहरीचा वास बसलेला होता. बाबांनी एक घोट घेतला, काही न बोलता ग्लास बाजूला ठेवला आणि आपला पेग पाण्यात घेतला.

दुसऱ्या शनिवारी बिया काढून गर साखरेत शिजवला. रंग अप्रतिम आला, पण चव जॅमची. जांभळाला एक हिरवट, ओलसर ताजा वास असतो, तो आचेवर उडून गेला होता. आणि प्रमाण अंदाजपंचे होतं, तेही नडलं. चहाचा चमचा दर वेळी वेगळा भरतो. पुढच्या वेळी मी कफ सिरपच्या बाटलीवरचं खुणा असलेलं टोपण घेतलं. दहा मिलीची रेघ त्यावर असतेच.

उत्तर खरं तर माहीतच होतं. लहानपणी जांभळं खाताना आई मीठ लावून द्यायची, नाहीतर घसा धरतो. मीठ चिमूटभर असलं तरी कडू-तुरट चव मागे सारतं. तिसऱ्या शनिवारी दुपारी पाव किलो जांभळांचा गर हाताने बीपासून सोडवला, त्यावर दोन चमचे साखर आणि दोन चिमटी मीठ घातलं आणि झाकून ठेवलं. दोन तासांत गर स्वतःच सुटला. वाडग्याच्या तळाशी दाट जांभळा रस साचला होता, सालीचे तुकडे त्यात मऊ होऊन तरंगत होते. बोटांनी कुस्करलं, मलमलच्या कापडातून पिळलं. दोन ग्लासांना पुरून थोडा रस उरला.

त्यात लिंबू पिळलं तो क्षण मला या सगळ्यात सर्वांत आवडला. निळसर जांभळा रस जिथे थेंब पडला तिथून लालसर होत गेला, आणि चमचा फिरवल्यावर सगळाच माणकासारखा झाला. जांभळातलं रंगद्रव्य आंबट भेटलं की लाल होतं.

राहिला उरलेला तुरटपणा. व्हिस्की सावरमध्ये बरेच जण अंड्याचं पांढरं घालतात, ते फेसासाठी असं मी समजत होते. पण त्यातली प्रथिनं फळातल्या टॅनिनला, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतात, आणि मग ते जिभेला तेवढं जाणवत नाही. कोऱ्या चहात दूध पडलं की तो मवाळ होतो ना, तसंच. त्यामुळे जांभळाच्या सावरमध्ये अंडं हवंच, असं माझं मत आहे. अंडं मात्र ताजं, त्याच दिवशी आणलेलं. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी घ्यावं. फेस चांगला येतो.

एका ग्लासाला शेवटी जमलेलं प्रमाण असं: व्हिस्की ६० मिली, जांभळाचा रस ४० मिली, लिंबू १५ मिली, साखर आणि पाणी समान घेऊन केलेला पाक १० मिली, आणि अर्ध्या अंड्याचं पांढरं. आधी बर्फाशिवाय नव्या काचेच्या बरणीत अर्धा मिनिट जोरात हलवायचं, मग बर्फ घालून बाहेरून बरणी हाताला सोसवेनाशी होईपर्यंत. बर्फ मोठा आणि फ्रीझरमधून नुकताच काढलेला असावा, पाणी सुटलेला घेतला की सगळं पचपचीत होतं. गार झाल्यावर आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं, तेव्हा घाबरून आपटू नका, कडेने चमच्याने हलकेच उचकटा. धुराच्या वासाची व्हिस्की यात घेऊ नका, जांभूळ तिच्यापुढे टिकत नाही. महागडी सिंगल माल्टही नको.

गाळून ओतल्यावर वर बोटभर फिकट गुलाबी फेस आला. त्यावर लिंबाची साल पिळली, म्हणजे अंड्याचा वास येत नाही. बाबांनी घोट घेतला, जरा थांबले, परत घेतला. म्हणाले, "आधी जांभूळ येतं. व्हिस्की मागून येते, पण येते हं." त्यांची भीती तेवढीच होती, ती जाईल की काय ही. दुसरा पेगही त्यांनी असाच मागितला.

चुलतभाऊ आला होता, तो बावीसचा. आपल्याकडे व्हिस्कीला पंचविशी लागते, म्हणून त्याला उरलेल्या रसात मीठ, लिंबू आणि सोडा घालून दिला. आईनेही तोच घेतला आणि तिच्या मते तोच जास्त चांगला.

बिया तिने टाकू दिल्या नाहीत. धुऊन, हॉलमध्ये पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरल्यात, चूर्णासाठी.