सर्दीचं खापर दह्यावर नको

घरात कुणी शिंकलं की चौकशी सुरू होते ती ताटाची. रात्री दही खाल्लंस ना? केळं? फ्रिजमधलं पाणी? पण सर्दीचा विषाणू दह्यात नसतो. पडसं येतं ते पडसं झालेल्या माणसाकडूनच, आणि लक्षणं साधारण एक ते तीन दिवसांनी दिसतात. त्यामुळे आठवायचंच असेल तर कालचं जेवण सोडा, परवा कुणाशेजारी बसला होतात ते आठवा.

इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला 1946 पासून खास सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ करायला लावून, ओलेत्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं गेलं आणि वर ओले मोजेही घालायला दिले. नुसत्या गारठ्याने सर्दी झाली नाही. तरी गारठा पूर्ण निर्दोष नाही. सर्दीचा मुख्य विषाणू, राइनोव्हायरस, 33 अंशांच्या आसपास, म्हणजे नाकाच्या आतल्या थंडाव्यात, चांगला वाढतो. शिवाय पाऊस लागला की आपण खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत बसतो.

लस का नाही? एकट्या राइनोव्हायरसचेच 160 च्या वर प्रकार आहेत आणि सर्दी करणारे इतरही बरेच विषाणू आहेत. मोठ्यांना वर्षाला दोन-तीनदा आणि बालवाडीतल्या पोरांना सहा-आठ वेळा सर्दी होते. दर वेळी ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ म्हणून टॉनिक आणायची गरज नसते.

विषाणू हाताच्या कातडीतून आत शिरत नाही. तो नाकातून शिरतो, नाहीतर डोळ्याच्या कोपऱ्यातून, कारण डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीने नाकातच उतरतं. म्हणून डोळे चोळणं हे नाकात बोट घालण्याइतकंच वाईट. आता बेसिनपाशी काय होतं ते बघा. सर्दीवाला नाक शिंकरतो, त्याच हाताने नळ सोडतो, हात धुतो आणि धुतलेल्या हाताने तोच नळ बंद करतो. मग बाजूला टांगलेल्या ओलसर नॅपकिनला हात पुसतो. पुढचा माणूस तोंड धुऊन त्याच नॅपकिनने डोळे टिपतो. घरात सर्दी असेल तर आठवडाभर प्रत्येकाचा नॅपकिन वेगळा ठेवा. साबण वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांशी चोळा, आणि नळाच्या मुठीवरही एकदा फिरवा. राइनोव्हायरसला चरबीचं आवरण नसल्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर हवा तसा चालत नाही. साबण-पाणी त्याला सरळ वाहून नेतं.

नुसते हात धुऊन भागत नाही. 1987 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सर्दीवाल्यांना आणि निरोगी माणसांना बारा तास एकत्र पत्ते खेळायला बसवलं. काही निरोगी खेळाडूंचे हात चेहऱ्यापर्यंत पोचणारच नाहीत अशी व्यवस्था केली होती. त्यांनाही जवळजवळ इतरांइतकीच सर्दी झाली. म्हणजे हवेतूनही ती येतेच. एसी लावलेल्या बंद खोलीपेक्षा समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्या बऱ्या. सर्दीवाल्याने पहिले तीन दिवस मास्क लावावा, कारण तेव्हा विषाणू सर्वात जास्त बाहेर पडतो.

झोपेचं महत्त्व लोकांना पटत नाही. 2015 च्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. व्हिटॅमिन सी रोज घेतलं तर मोठ्यांची सर्दी सुमारे 8 टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्यात अर्धा दिवस. नाक गळायला लागल्यावर गोळी सुरू करून खात्रीचा फायदा दिसलेला नाही.

नाक चोंदलं की ते धुवायला मिठाचं पाणी उत्तम. एक लिटर पाण्याला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. झोंबलं तर प्रमाण चुकलंय: साधं पाणीही झोंबतं आणि फार खारटही. जलनेती करणाऱ्यांनी नळाचं पाणी तसंच वापरू नये. आधी खळखळ उकळून कोमट होऊ द्यावं, कारण न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया अमीबा नाकातून थेट मेंदूत पोचू शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जिवावर बेततं.

वाफाऱ्याने घटकाभर बरं वाटतं, विषाणू मरत नाही. मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवूच नका, पातेलं कलंडून भाजतं. बाळाच्या गळ्यात कापराची पोटलीही नको. कापूर तोंडात गेला तर झटके येतात. मध रात्रीच्या खोकल्याला छान, पण एक वर्षाखालच्या बाळाला बोटभरही नाही. नाक मोकळं करणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांवर नेले की थेंब घातल्याशिवाय नाक उघडतच नाही.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला की लोक अँटिबायोटिक मागतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, जिवाणूंची खूण नव्हे. डॉक्टरांकडे जायचं ते ताप तीन दिवसांवर टिकला, बरं वाटून पुन्हा बिघडलं, दहा दिवसांत उतार नाही, कान ठणकतोय किंवा धाप लागतेय तर. लहान मूल श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर तेव्हाच न्या, सकाळची वाट बघू नका.